ॲप सरकवणं वेगळं, फोर्स स्टॉप वेगळं

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 अंशांच्या पुढे सरकला की दुपारीच ‘बॅटरी उतरी गई’ची तक्रार सुरू होते. मग अंगठा सवयीने एकाच कामाला लागतो. अलीकडच्या ॲप्सची रांग उघडायची आणि एकेक कार्ड वर ढकलून द्यायचं. काही जण आणखी पुढे जातात, सेटिंगमध्ये शिरून फोर्स स्टॉप दाबतात. बोलताना दोन्हींना ‘ॲप बंद केलं’ असंच म्हणतात. त्यातल्या एकाने फारसं काही बिघडत नाही. दुसऱ्याने मात्र रात्रीचा गजरसुद्धा चुकू शकतो.

आधी ती कार्डं म्हणजे काय ते पाहू. रांगेत दिसतं ते प्रत्येक ॲप चालू असतंच असं नाही. फोन बंद करून पुन्हा चालू केला तरी कालची कार्डं तिथेच दिसतात, यावरूनच ते कळतं. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागची ॲप्स स्वतःच काढून टाकतो, कार्ड तेवढं राहतं. जी ॲप्स मेमरीत असतात, त्यांनाही नव्या अँड्रॉइडमध्ये बहुधा गोठवून ठेवलेलं असतं. ती जागा अडवतात, पण प्रोसेसर वापरत नाहीत. राखेखाली निखारा झाकून ठेवावा तसं हे आहे. फुंकर घातली की चूल पेटते. कार्ड सरकवलं की निखारा विझतो, आणि पुढच्या वेळी पऱ्हाट्या रचून पहिल्यापासून जाळ करावा लागतो. ॲप उघडायला जास्त वेळ लागतो आणि बॅटरीही जास्त जाते. दिवसातून वीस वेळा व्हॉट्सॲप सरकवून वीस वेळा उघडणारा माणूस बॅटरी वाचवत नाही, उलट घालवतो.

तरीही सरकवलेल्या ॲपला परत उठायची मुभा असते. मेसेज आला, ठरलेली वेळ झाली, की यंत्रणा त्याला जागं करते. गाण्याचं ॲप सरकवल्यावरही कधी कधी गाणं चालूच राहतं, कारण त्याची सेवा सूचनेच्या पट्टीत वेगळी सुरू असते. अँड्रॉइड 13 पासून सूचनांचा पडदा पूर्ण खाली ओढला की तळाशी अशी चालू ॲप्स दिसतात आणि शेजारी थांबवायचं बटण असतं.

फोर्स स्टॉपची गोष्टच निराळी. ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, ॲपच्या माहितीत जा, तिथे ते बटण सापडेल. मराठीत ठेवलेल्या फोनवर ‘सक्तीने थांबवा’ असं दिसतं. ते दाबलं की ॲपवर ‘थांबलेलं’ असा शिक्का बसतो. अँड्रॉइड 3.1 पासून, म्हणजे 2011 पासून ही सोय आहे. शिक्का असेपर्यंत त्याला पुश मेसेज, म्हणजे इंटरनेटवरून आपोआप येणारी सूचना, पोचत नाही, त्याने लावलेले गजर रद्द होतात, मागची कामं थांबतात. अँड्रॉइड 15 वर त्याचं होम स्क्रीनवरचं विजेटही (ॲपची माहिती दाखवणारा चौकोन) करडं पडतं. तुम्ही स्वतः ॲप उघडेपर्यंत हे असंच राहतं.

सावदा-रावेरच्या केळीवाल्याने व्हॉट्सॲप फोर्स स्टॉप केलं, तर व्यापाऱ्याच्या मेसेजवर एकच टिक राहते आणि व्हॉट्सॲप कॉलची रिंग वाजत नाही. गाडी कधी भरायची हा निरोप तसाच अडकतो. रात्रीच्या थ्री फेज लाइटीला मोटर लावायची म्हणून दीड वाजताचा गजर लावून ठेवला आणि घड्याळाचं ॲप फोर्स स्टॉप केलं, तर तोही वाजणार नाही. म्हणून फोर्स स्टॉपनंतर ते ॲप एकदा उघडून बंद करा आणि गजराची वेळ पुन्हा दिसते का ते बघा.

इथे एक खोच आहे. काही कंपन्यांच्या फोनमध्ये बॅटरीची यंत्रणा इतकी कडक असते की नुसतं सरकवलं तरी जवळपास फोर्स स्टॉपसारखंच होतं, आणि लोक मेसेज उशिरा येतात म्हणून नेटवर्कला शिव्या घालत बसतात. अशा फोनवर ऑटोस्टार्ट, म्हणजे ॲपला आपोआप सुरू व्हायची परवानगी, चालू ठेवा, ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये निर्बंध नसलेला (Unrestricted) पर्याय निवडा आणि कार्ड रांगेतून निघू नये म्हणून त्यावर कुलपाची सोय असेल तर ते लावा.

मग फोर्स स्टॉप वापरायचा कधी? ॲप अडकलं, पडदा गोठला, किंवा बॅटरीच्या वापराच्या यादीत दिवसभर न उघडलेलं ॲप वरच्या क्रमांकावर दिसलं तर. पण तेही तात्पुरतं असतं, उघडलं की पुन्हा सुरू. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर त्याच पानावर बॅटरीमध्ये ‘प्रतिबंधित’ (Restricted) निवडा. त्याच पानावर स्टोरेजमध्ये डेटा पुसायचं बटण असतं, तिकडे मात्र हात नको, लॉगिनसकट सगळं जातं.

आयफोनवर फोर्स स्टॉपचं बटणच नाही, सरकवणं हेच बंद करणं. ॲप प्रतिसाद देत नसेल तेव्हाच ते करा, असं ॲपल स्वतः सांगते. सरकवलेलं ॲप पुन्हा उघडेपर्यंत मागून ताजं होत नाही, मेसेजची सूचना मात्र येते.

आणि दुपारी उतरणाऱ्या बॅटरीचं कारण बहुतेकदा या दोन्हींत नसतंच. ॲपलने आयफोन वापरायला 0 ते 35 अंशांची हवा सांगितली आहे, खान्देशात मार्चअखेरीसच ती मर्यादा ओलांडली जाते. उन्हात पडदा दिसावा म्हणून उजेड पूर्ण वाढलेला असतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे सातपुड्यात सिग्नल क्षीण असला की फोन टॉवर गाठायला जास्त ताकद लावतो, तिथे फोन नको असेल तेव्हा विमान मोड लावलेला बरा. मोटारसायकलच्या टाकीवरच्या पाकिटात उन्हात ठेवलेला फोन सावलीत घ्या आणि तापलेला असताना चार्जिंगला लावू नका.