पाच किलोमीटरांचा पाऊस आणि छत्तीस हजार किलोमीटरांवरचा उपग्रह

थेट उपग्रहाशी बोलणाऱ्या मोबाइलच्या जाहिराती अलीकडे वाढल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर एक समजही पसरत चालला आहे. चक्रीवादळात टॉवर कोसळले, फायबरच्या केबली तुटल्या, तरी आता चिंतेचे कारण नाही, कारण उपग्रह वादळाच्या आवाक्याबाहेर असतो, असा तो समज. त्यातला शेवटचा भाग खरा आहे. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणारा, उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. खाली ताशी २०० किलोमीटर वेगाने वारे वाहत असले तरी त्याला त्याचा पत्ताही नसतो. परंतु त्याच्याकडून निघालेल्या लहरीच्या प्रवासातले शेवटचे पाचेक किलोमीटर वादळातूनच जातात, आणि ती लहर ज्या डिशवर उतरते ती डिश तर वादळात उभीच असते. आपत्तीतल्या पर्यायी दळणवळणाची बहुतेक सगळी गुंतागुंत या पाच किलोमीटरांत आणि त्या डिशच्या खांबात आहे.

पर्यायाची गरज किती मोठी असते हे २० सप्टेंबर २०१७ रोजी प्वेर्तो रिको बेटावर आदळलेल्या ‘मारिया’ चक्रीवादळाने दाखवले. दुसऱ्या दिवशी बेटावरचे सुमारे ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद होते. ते सगळेच कोसळले होते असे नाही. टॉवरला वीज लागते, वीज गेली की बॅटरी काही तास पुरते, मग जनरेटरला डिझेल लागते आणि डिझेलचा टँकर यायला रस्ता मोकळा असावा लागतो. शिवाय टॉवर जिवंत राहिला तरी त्याला उर्वरित जाळ्याशी जोडणारी फायबर अनेकदा विजेच्याच खांबांवरून गेलेली असते. जमिनीवरच्या यंत्रणेची ही साखळी एका कडीपाशी तुटली की पुढचे सारे निकामी होते. उपग्रह या साखळीतल्या बऱ्याच कड्या ओलांडून जातो, हा त्याचा खरा उपयोग.

आता पावसाकडे वळू, कारण या विषयातला सर्वांत रंजक भाग तिथे आहे.

पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असते. रेडिओलहर म्हणजे दिशा बदलत राहणारे विद्युतक्षेत्र. लहर थेंबातून जाताना प्रत्येक रेणू त्या क्षेत्राबरोबर वळू पाहतो, पण शेजारच्या रेणूंशी त्याचे बंध असल्यामुळे तो जरा मागे पडतो, आणि या मागे पडण्यात लहरीची ऊर्जा उष्णतेत बदलते. मायक्रोवेव्ह ओव्हन पाण्याच्या ‘अनुनादाच्या’, म्हणजे ज्या एका ठरावीक वारंवारतेला रेणू सर्वांत जोराने हेलकावतात तिच्यावर चालतो, असे शाळेपासून ऐकू येते, ते चुकीचे आहे. द्रवरूप पाण्याला त्या पट्ट्यात टोकदार अनुनाद नाहीच. आहे तो केवळ हा मागे पडण्याचा प्रकार, आणि सामान्य तापमानाला तो सर्वाधिक प्रभावी ठरतो २० गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ओव्हनच्या २.४५ गिगाहर्ट्झपेक्षा कितीतरी वर. दुर्दैवाने वेगवान उपग्रह-इंटरनेटची केए-बँड नावाची पट्टी नेमकी याच परिसरात येते.

यात थेंबाच्या आकाराची भर पडते. २० गिगाहर्ट्झच्या लहरीची हवेतली लांबी १५ मिलिमीटर असते. पण पाण्यात शिरताच लहर मंदावते आणि आखडते. थेंबाच्या आत तिची लांबी जेमतेम २ मिलिमीटर उरते. जोरदार पावसातले मोठे थेंब २ ते ५ मिलिमीटरचे असतात. म्हणजे लहरीच्या दृष्टीने तो थेंब ठिपका राहत नाही, अडथळा होतो. तो ऊर्जा शोषतो आणि उरलेली दाही दिशांना उधळतो. याउलट उपग्रह-फोन ज्या एल-बँडवर चालतात तिथली वारंवारता १.५ गिगाहर्ट्झच्या आसपास आणि हवेतली तरंगलांबी २० सेंटिमीटर असते. पाण्यात आखडूनही ती २ सेंटिमीटरच्या वरच राहते, आणि समुद्राची लाट बुडबुड्यावरून जावी तशी ही लहर थेंबावरून निघून जाते.

आकड्यांत पाहू. तासाला ५० मिलिमीटर या वेगाने पडणारा पाऊस २० गिगाहर्ट्झच्या लहरीतून दर किलोमीटरला ५ ते ६ डेसिबल काढून घेतो. ३ डेसिबल म्हणजे शक्ती निम्मी, १० डेसिबल म्हणजे दहावा भाग. तेव्हा अशा पावसातून चार किलोमीटर आलेल्या लहरीची शक्ती शंभरावा भागही उरत नाही. १२ गिगाहर्ट्झच्या केयू-बँडमध्ये, म्हणजे घरगुती डिश-टीव्हीच्या पट्टीत, त्याच पावसात सुमारे आठवा भाग उरतो. एल-बँडमधले नुकसान मात्र हिशेबात धरावे इतकेही नसते.

मोठा थेंब चित्रातल्यासारखा वर टोकदार नसतो. हवेच्या दाबाने तो खालून चपटा होतो, दाबलेल्या उशीसारखा. तो उंचीपेक्षा रुंदीला जास्त असल्यामुळे ज्या लहरींचे विद्युतक्षेत्र आडवे हलते त्यांना तो जास्त छळतो आणि उभे हलते त्यांना थोडा कमी. आणि हे सगळे घडते ते फक्त द्रवरूप पाण्यात. बर्फात रेणू जागच्या जागी जखडलेले असल्यामुळे ते क्षेत्राबरोबर वळायला धजतच नाहीत. उष्ण कटिबंधात पाचेक किलोमीटरांच्या वर ढगात बर्फ असतो आणि लहर तिथून जवळपास अबाधित येते. वितळण्याच्या पातळीवरचा हिमकण मात्र आतून बर्फ आणि बाहेरून ओला असतो, त्यामुळे लहरीला तो एखाद्या अवाढव्य थेंबासारखा भासतो. हवामान-रडारवर हा थर वेगळा उजळलेला दिसतो.

पावसाचा दुसरा उपद्रव क्वचितच सांगितला जातो. जी वस्तू लहर शोषते ती त्याच पट्टीत स्वतःही लहरी सोडते, हा भौतिकीचा जुना नियम आहे. निरभ्र आकाश केयू-बँडमध्ये अत्यंत थंड दिसते, फार तर १०-२० केल्विनचे. पाऊस मात्र स्वतःच्या २७०-२८० केल्विन तापमानाला साजेशी कुजबुज करू लागतो. भूस्थिर उपग्रहाकडून मध्यम आकाराच्या डिशवर जी शक्ती पोहोचते ती एका वॉटच्या लाख-कोटीव्या भागाच्या आसपासची, फार तर त्याच्या काही पट, त्यामुळे ही कुजबुजही तिला जड जाते. पावसाने संदेश ३ डेसिबलने खाली आणला की त्याच वेळी गोंगाट जवळपास तितकाच वर येतो, आणि प्रत्यक्षातला फटका ५-६ डेसिबलचा बसतो.

यावरचा उपाय सुंदर आहे. उपग्रहसंदेशांच्या आधुनिक मानकांनुसार चालणारे मोडेम पावसाकडे सतत लक्ष ठेवतात. आकाश स्वच्छ असताना लहरीच्या प्रत्येक ठोक्यावर पाच बिट बसवले जातात. पाऊस वाढला की दोन, आणि त्यांतलेही बरेच बिट संदेशातल्या चुकांच्या दुरुस्तीसाठी राखीव. वेग घसरत जातो, पण दुवा तुटत नाही. सर्वांत सावध पद्धतीत तर गोंगाट संदेशापेक्षा वरचढ असतानाही संदेश वाचता येतो. व्हिडिओ थांबला, तरी ‘दोन बोटी पाठवा’ एवढे शब्द पोहोचतात. अर्थात वीस डेसिबलची तूट कोणत्याही युक्तीने भरून निघत नाही.

येथे एका अफवेचा समाचार घेणे भाग आहे. प्रत्येक मोठ्या वादळानंतर अलास्कातल्या ‘हार्प’ या संशोधन-केंद्राने रेडिओलहरींनी वादळ निर्माण केले, असे संदेश फिरू लागतात. हार्पचे प्रक्षेपक ३.६ मेगावॉटचे आहेत आणि ते १० मेगाहर्ट्झच्या खाली चालतात. वर आपण पाहिलेच की वारंवारता खाली गेली की थेंबांना लहरीची दखलच उरत नाही. या लहरी ढगांतून सरळ आयनांबरापर्यंत, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरापर्यंत, जातात. दुसरीकडे पूर्ण वाढलेल्या चक्रीवादळात बाष्पाचे पाणी होताना मोकळी होणारी उष्णता हार्पच्या सोळा-सतरा कोटी पट असते. काडेपेटीने समुद्र उकळल्याचा दावा याहून माफक म्हणावा लागेल.

दुसरा गैरसमज जाहिरातींतून येतो. जेमतेम ५५० किलोमीटरांवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांना जवळिकीमुळे पावसाचा त्रास होत नाही, असे सुचवले जाते. जवळिकीचा फायदा आहेच: भूस्थिर उपग्रहापर्यंत वर जाऊन खाली यायला संदेशाला पाव सेकंद लागतो आणि संभाषणात दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात, इथे तो प्रवास काही मिलिसेकंदांचा असतो. पाऊस मात्र दोन्हीकडे तोच, कारण तो तळच्या पाच किलोमीटरांत आहे. उलट हे उपग्रह आकाशात सरकत असतात, आणि एखादा क्षितिजाकडे झुकलेला असेल तर लहर पावसातून तिरकी, म्हणजे अधिक लांब, चालते. अशा उपग्रहांचा संदेशही शेवटी कुठल्या तरी भूकेंद्रावर, म्हणजे त्याला जमिनीवरच्या जाळ्याशी जोडणाऱ्या केंद्रावर, उतरतो. ते भूकेंद्र त्याच वादळाखाली असेल तर आपली डिश कोरडी असून उपयोग नाही. इरिडियम या उपग्रह-फोन सेवेच्या जाळ्यात ७८० किलोमीटरांवरचे ६६ उपग्रह संदेश एकमेकांकडे देत दूरच्या भूकेंद्रापर्यंत नेतात आणि तेही एल-बँडवर बोलतात, म्हणून ऐन वादळात चालणारे साधन म्हणून हे जाडजूड, महागडे, संथ फोन अजून टिकून आहेत.

त्यांनाही मोकळे आकाश लागते, आणि वादळात माणूस काँक्रीटच्या छताखाली असतो. छतावर बसवलेला बाहेरचा अँटेना आणि खोलीपर्यंत आणलेली केबल नसेल तर फोन वादळ ओसरेपर्यंत खिशातच राहतो. आपत्कालीन संदेश पाठवणाऱ्या साध्या मोबाइलचेही तेच. नकाशावरचा निळा ठिपका हलताना पाहून काहींना उपग्रहाशी संपर्क आहे असे वाटते, पण जीपीएसमध्ये फोन फक्त ऐकतो. त्या मार्गाने त्याचा आवाज कुणालाही जात नाही.

विजेबद्दल थोडक्यात. सपाट पत्र्यासारखे दिसणारे नवे अँटेने साधारण ५० ते १०० वॉट खातात. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी बेताने, म्हणजे निम्मीच वापरली, तर असा अँटेना आठेक तास चालतो. दिवसाचे दोन तास ठरवून तो सुरू ठेवला तर तीच बॅटरी चार दिवस पुरते.

राहिली ती डिश. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो; ताशी १८० किलोमीटरच्या वाऱ्यात १.२ मीटर व्यासाच्या डिशवर पावणेदोनशे किलो वजनाइतका रेटा येतो. डिश उडाली नाही तरी ती अंशभर ढळणे पुरेसे असते, कारण केयू-बँडमध्ये त्या आकाराच्या डिशचा झोत जेमतेम दीड अंश रुंद असतो आणि एका अंशाच्या चुकीत येणारी जवळपास तीन-चतुर्थांश शक्ती जाते. म्हणून इशारा मिळताच जाणकार डिश उतरवून ठेवतात, आणि उतरवण्याआधी खांबावरून पकडीपर्यंत रंगाची एक सलग रेघ ओढतात. वादळानंतर रेघेचे दोन तुकडे जुळवले की दिशा जवळपास सापडते. खांब वाकलेला असेल तर आधी ओळंबा लावून तो उभा करावा लागतो, नाहीतर डिश बाजूला फिरवताना उंचीचा कोनही बदलत राहतो आणि तासभर खटपट करून हाती काही लागत नाही. संदेशाची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा काटा सर्वांत वर गेला तरी काम संपत नाही, कारण नट आवळताना डिश पुन्हा सरकते. तेव्हा काट्यावर नजर ठेवून दोन्ही बाजूंचे नट अर्धा-अर्धा फेरा, आळीपाळीने आवळायचे.