तुर्की वंशाच्या जर्मन कुटुंबांत मुले ‘नेहमीच जास्त’ असतात का?

पश्चिम जर्मनी व तुर्कस्तान यांच्यातील ३० ऑक्टोबर १९६१ च्या कामगार-भरती करारानंतर तुर्कस्तानातून जर्मनीत कामगार आले, आणि १९७३ मध्ये भरती थांबल्यावरही विवाह व कुटुंब-एकत्रीकरणाच्या वाटेने माणसे येत राहिली. तेव्हापासून एक समजूत रूढ आहे, ती अशी की या लोकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मुले अधिकच होणार. ती चुकीची आहे. जर्मनीतच जन्मलेल्या मुलींची अपत्यसंख्या त्यांच्या आयांच्या मानाने कमी झाली असून ती स्थानिक सरासरीच्या बरीच जवळ आली आहे.

तरीही या मुलींना एकाच गटात मोजणे फसवे ठरते, कारण जोडीदार कुठला यावर बरेच अवलंबून असते. तुर्कस्तानातून लग्न करून आलेल्या पतीसोबत पहिले मूल तुलनेने लवकर होते. मात्र येथे विवाह, स्थलांतर आणि संसाराचा आरंभ हे सारे एकाच वेळी घडत असल्याने, त्या काही वर्षांचा वाढलेला जन्मदर म्हणजे आयुष्यभराची अपत्यसंख्या नव्हे. शिवाय असा जोडीदार निवडणाऱ्या मुलींचा कल मुळातच लवकर विवाहाकडे असू शकतो. मग श्रेय, किंवा दोष, पतीच्या जन्मगावाला कसा द्यायचा?

आणि ज्या तुर्कस्तानाला या साऱ्याचे ‘मूळ’ मानले जाते, ते तरी स्थिर कुठे आहे? १९६० च्या दशकात तुर्कस्तानात एका स्त्रीमागे सुमारे ६ मुले होती. २०२३ मध्ये तो दर १.५१ वर आला. त्याच वर्षी जर्मनीचा दर सुमारे १.४ होता.