आरोग्यदूत शिक्षक : सातारा जिल्ह्यातल्या शाळांनी नावं कशी द्यायची?

आयुष्मान भारत अंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम २०२० साली सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक ‘हेल्थ अँड वेलनेस अँबेसेडर’, म्हणजेच आरोग्यदूत, म्हणून निवडायचे असतात, शक्यतो एक शिक्षक आणि एक शिक्षिका. शाळा शासकीय किंवा अनुदानित हवी. मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

शिक्षकाने स्वतंत्र अर्ज करायचा नाही. नावं मुख्याध्यापक सुचवतात आणि केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे देतात. शिफारसपत्रासोबत शाळेचा अकरा अंकी यू-डायस (शाळा-ओळख) क्रमांक, शिक्षकाचा शालार्थ (वेतनप्रणालीतला) आयडी, शिकवत असलेले वर्ग आणि चालू मोबाईल क्रमांक तयार ठेवा. आधीची प्रशिक्षणं झाली असतील तर त्यांची प्रमाणपत्रंही जोडा.

मुख्याध्यापकांना कळकळीची विनंती : ज्याला तास कमी त्याचं नाव देऊन मोकळे होऊ नका. माण-खटावात वडील गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यानिमित्त परराज्यात किंवा माथाडी म्हणून मुंबईत आणि मूल आजीजवळ, अशी घरं गावोगाव आहेत. असं मूल मधल्या सुट्टीत आपणहून कुणाशी बोलतं, ते पाहा. त्याच बाईंचं किंवा सरांचं नाव पाठवा, मग ते खेळ शिकवत असोत की गणित.

प्रशिक्षणात अकरा विषय असतात. भावनिक स्वास्थ्य, नातेसंबंध, पोषण, व्यसनमुक्ती, इंटरनेटचा सुरक्षित वापर हे त्यातले काही. नंतर आठवड्याला एक तास मुलांसोबत उपक्रम घ्यायचे आणि प्रत्येक वर्गातून दोन विद्यार्थी मदतीला निवडायचे. प्रशिक्षणाला निघण्यापूर्वी कार्यमुक्तीचा आदेश लेखी घ्या. परतल्यावर उपस्थिती प्रमाणपत्राची प्रत कार्यालयात देऊन सेवापुस्तकात नोंद करून घ्या.

या प्रशिक्षणाने शिक्षक समुपदेशक होत नाही, तो नीट ऐकणारा पहिला माणूस होतो. पुढची मदत कुठे मिळते हे त्याला तोंडपाठ हवं : मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस हेल्पलाइन १४४१६, मुलांसाठी चाइल्डलाइन १०९८, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ती गोष्ट शाळेत मिटवता येत नाही.

आणखी शिकायचं असेल तर एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम आहे. तिथे मात्र शिक्षकाने स्वतः अर्ज करायचा असतो. त्यासाठी बी.एड.चं प्रमाणपत्र आणि संस्थेचं ना-हरकत पत्र आधीच काढून ठेवा.