शिशाचा फुगा आणि लोखंडी फुलपाखरू

रॉक बँडचं बारसं करताना कुणी पंचांग काढून बसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या यंग बंधूंना 1973 साली ‘एसी/डीसी’ हे नाव सापडलं ते बहिणीच्या शिलाई मशीनवर. ‘मेगाडेथ’ हे त्याहून भयंकर. अणुयुद्धाचे हिशेब मांडणाऱ्यांनी बनवलेलं ते एकक आहे, एक मेगाडेथ म्हणजे दहा लाख मृत्यू. पण भौतिकशास्त्राची गोडी असणाऱ्याने थांबावं अशी नावं दोन, ‘लेड झेपेलिन’ आणि ‘आयर्न बटरफ्लाय’. एक शिशाचं, एक लोखंडाचं, आणि दोघांनाही उडायचंय!

1968 मध्ये गिटारवादक जिमी पेज लंडनमध्ये नवा संच जमवत होता. हा बेत शिशाच्या फुग्यासारखा आपटणार, अशी थट्टा ‘द हू’ या बँडमधल्या कुणीतरी केली. ती ड्रमर कीथ मूनची की बास वाजवणाऱ्या जॉन एन्टविसलची, यावर चाहते अजून भांडतात. पेजला थट्टा आवडली. फुग्याच्या जागी झेपेलिन हे अवाढव्य हवाई जहाज आलं, आणि लोकांनी ‘लीड’ वाचू नये म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर गळालं.

आता थट्टा बाजूला ठेवून विचारू. शिशाचा फुगा खरंच आपटतो का?

एक घनमीटर हवेचं वजन साधारण 1.2 किलो, तेवढ्याच हेलियमचं जेमतेम 170 ग्रॅम. म्हणजे हेलियमचा प्रत्येक घनमीटर सुमारे एक किलो वजन उचलतो. शिसं मात्र घनमीटरला 11,340 किलो भरतं. सामना एकतर्फी वाटतो खरा. पण फुगा काही भरीव नसतो, वजन असतं ते फक्त त्याच्या सालीचं.

समजा, 0.1 मिलिमीटर जाडीच्या शिशाच्या पत्र्याचा एक मीटर व्यासाचा गोल केला. पत्र्याचं वजन साडेतीन किलो, आतला हेलियम उचलणार अर्धा किलो. फुगा जमिनीवरच. आता व्यास दहापट करा. पृष्ठभाग शंभरपट वाढला, म्हणून शिसं झालं सुमारे 356 किलो. घनफळ मात्र हजारपट वाढलं, म्हणून उचल 500 किलोच्या पुढे गेली. दहा मीटरचा शिशाचा फुगा दीडशे किलोंहून जास्त बोजा घेऊन वर जाईल. सीमारेषा सात मीटरच्या थोडी अलीकडे येते, पत्रा पातळ केला तर आणखी खाली. सगळी करामत वर्ग आणि घन यांच्या शर्यतीची आहे, आणि तिचे परिणाम गॅलिलिओने 1638 मध्येच नीट मांडले होते.

त्याच शर्यतीच्या भरवशावर 1670 मध्ये फ्रान्चेस्को लाना दे तेर्झी या इटालियन जेझुइट पाद्र्याने चक्क उडती नौका आखली. तांब्याचे पातळ पोकळ गोल, आत हवासुद्धा नाही, निव्वळ निर्वात पोकळी. गोल पुरेसे मोठे केले की नौका तरंगेल, हा त्याचा हिशेब बरोबर होता. पण बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने दाबते, त्या दाबाखाली असा पातळ पत्रा चेपणारच. हेलियमच्या फुग्याला ही धास्ती नाही, आतला वायू बाहेरच्या हवेला तोलून धरतो. शिशाची खरी अडचण वेगळीच. त्याचा पातळ पत्रा बोट लागलं तरी फाटतो. तरीही 2008 साली ‘मिथबस्टर्स’ या टीव्ही कार्यक्रमाच्या मंडळींनी सुमारे 14 फुटांचा शिशाचा फुगा तरंगवून दाखवला.

खुद्द झेपेलिनांचं काय? बँडच्या पहिल्या अल्बमवर पेटतं ‘हिंडेनबर्ग’ आहे, 1937 मध्ये न्यू जर्सीत जळालेलं. ते 245 मीटर लांब होतं आणि त्यात दोन लाख घनमीटर हायड्रोजन मावत असे, म्हणजे दोनशे टनांहून जास्त उचल. त्याला 0.1 मिलिमीटर शिशाने मढवलं असतं तर माझ्या हिशेबाने भर पडली असती तीसेक टनांची. जड, पण अशक्य नव्हे! झेपेलिन घराण्यातल्या एका बाईंना मात्र हे नाव अजिबात खपलं नाही. त्यांनी कोर्टात खेचायची धमकी दिल्यामुळे 1970 मध्ये कोपनहेगनच्या एका कार्यक्रमात बँडला ‘द नॉब्ज’ या नावाने वाजवावं लागलं.

‘आयर्न बटरफ्लाय’ हा 1966 सालचा, कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोचा संच. इथे तोच नियम उलटा धावतो. फुगा वाढवत न्यायचा, फुलपाखरू मात्र लहान करत न्यायचं. आकार घटला की वजन घनाने घटतं आणि पंखांचं क्षेत्रफळ फक्त वर्गाने, त्यामुळे किलोमागे पंख भरपूर मिळतात. लोखंडाचा अतिपातळ वर्ख म्हणूनच गिरक्या घेत सावकाश खाली येतो. मात्र सावकाश पडणं म्हणजे उडणं नव्हे. पंख फडफडवायला ऊर्जा लागते, आणि घोडं अडतं ते तिथे. हार्वर्डमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये 80 मिलिग्रॅमची यांत्रिक माशी उडवली, पंख सेकंदाला 120 वेळा हलवणारी. विजेसाठी मात्र तिला जमिनीवरून तार जोडलेली होती, कारण बॅटरीचं वजन तिला पेलण्यासारखं नव्हतं.