छोट्या विमानातल्या इंधनाच्या चुका (शिकाऊ वैमानिक)

सेस्ना 152 सारख्या ट्रेनर विमानाचं इंजिन हवेत बंद पडतं तेव्हा बऱ्याचदा इंजिन ठणठणीत असतं, त्याला पेट्रोलच मिळालेलं नसतं. एकतर टाकी कोरडी पडते, नाहीतर टाकीत असूनही पेट्रोल पुढे सरकत नाही, आणि शिकणाऱ्या पोरांकडून हे दोन्ही होतं.

टाकी कोरडी पडते ती हिशोब चुकल्यामुळे. 152 मध्ये वापरता येण्यासारखं पेट्रोल साधारण 93 लिटर आणि खप तासाला 20 ते 23 लिटर, पण मॅन्युअल बोलतं अमेरिकन गॅलनमध्ये (3.785 लिटर) आणि भरणारा लिटरमध्ये, त्यात वर गेल्यावर मिक्श्चर लीन करायचं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी करायचं) राहिलं की खप वाढतो. वाऱ्याचं तर बघाच. कराडहून बारामती सरळ रेषेत 60 नॉटिकल मैलांच्या आसपास, 90 नॉटने (तासाला 90 नॉटिकल मैल) 40 मिनिटं. समोरून 25 नॉट वारा असला तर 55, आणि परतताना तोच वारा पाठीवर घेऊन 31, म्हणजे एकूण 80 ऐवजी 86, पाठीवरचा वारा गेलेला वेळ पूर्ण भरून देत नाही. दिवसा व्हीएफआर (म्हणजे बाहेर बघून करायच्या) उड्डाणाला पोचल्यावरही 30 मिनिटांचं पेट्रोल शिल्लक लागतं, रात्री 45 चं, आणि ते वापरण्यासाठी नसतंच.

सगळ्यात घातक सवय म्हणजे काट्यावर भरवसा. टाकीतला फ्लोट वळणात, धक्क्यात हलतो, तो किती खरं सांगणार? विमान सपाट जागी उभं करून डिपस्टिक टाकायची, जमीन कलती असली तर मापही खोटं येतं.

मग ड्रेन, म्हणजे टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काढून बघणं. एवीगॅस 100एलएल (विमानाचं पेट्रोल) निळसर असतं, पाणी जड म्हणून तळाशी बसतं, आणि पावसाळ्यात अर्धी टाकी रात्रभर उभी राहिली की आत दव धरतं. काढलेलं पेट्रोल सॅम्पलरमध्ये (पारदर्शक पेल्यात) उजेडाला धरून बघायचं, खाली पाणी असलं तर मध्ये रेघ दिसते. सगळं पाणीच आलं तर ती रेघ दिसणार नाही, म्हणून रंग बघायचा, वासही घ्यायचा. टाकीचं झाकण नीट बसलं नसेल तर पंखावरच्या कमी दाबाने पेट्रोल वर ओढलं जाऊन उडून जातं. हवेचं व्हेंट कुंभारीण माशीने चिखल घालून बंद केलं तर टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी. पायपर चेरोकीत डावी-उजवी टाकी हाताने बदलावी लागते, घड्याळ बघून, दर अर्ध्या तासाला वगैरे, विसरलं की एक टाकी संपते आणि घाईत हात ऑफवर जातो (152 ला फक्त चालू-बंद आहे).

इंजिन खोकायला लागलं की आधी ग्लाइड स्पीड (इंजिनाशिवाय तरंगत जायचा वेग), 152 ला 60 नॉट, मग टाकी (चालू आहे का, दुसरी असेल तर बदलून), मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा), पंप असेल तर पंप, प्रायमर (इंजिन सुरू करताना पेट्रोल मारायचा हातपंप) लॉक. नाहीच चाललं तर रान निवडायचं. कृष्णाकाठी उभा ऊस वरून मऊ गवत वाटतो पण तो माणसाच्या डोक्यावर असतो, चाकं अडकून विमान उलटतं, त्यापेक्षा तोडणी झालेलं मोकळं रान बघावं, सरीच्या दिशेने उतरावं आणि पाण्याच्या मोटारींना गेलेल्या विजेच्या तारा आधी शोधाव्यात.