बारा इंची तबकड्यांचं नृत्यसंगीत आणि त्याचे पूर्वलक्षी संग्रह : पार्श्वभूमी

एखादं स्वतंत्र लेबल, म्हणजे तबकड्या काढणारी लहान कंपनी, पंचवीस-तीस वर्षांनी आपल्या जुन्या बारा इंची तबकड्यांमधून निवड करून तीन तबकड्यांचा संच काढतं, तेव्हा त्यातलं बरंचसं संगीत १९८८ ते १९९६ या आठ वर्षांतलं असतं. शिकागोचं हाउस आणि डेट्रॉइटचं टेक्नो, ८०८ हे ताल वाजवणारं ड्रम मशीन आणि ३०३ हे बेस वाजवणारं यंत्र, या संगीताने गाजलेला १९८८चा ब्रिटनमधला उन्हाळा या गोष्टी बडोद्यातल्या जाणत्या श्रोत्यांना नव्याने सांगायला नकोत. नंतर काय झालं, ते पाहू.

१९९०च्या आसपास एक सॅम्पलर (आवाजाचा तुकडा उचलून हवा तसा वाजवणारं यंत्र), एक ड्रम मशीन आणि एक डॅट रेकॉर्डर (लहान टेपवर डिजिटल ध्वनिमुद्रण करणारं यंत्र) एवढ्या सामग्रीवर घरातल्या खोलीत तबकडीजोगं ध्वनिमुद्रण होऊ लागलं. पाचशे-हजार प्रती छापायच्या, दुकानदारांकडे द्यायच्या आणि आलेल्या पैशांतून पुढची तबकडी काढायची, असा हिशेब होता. जे हाउसमध्ये बसत नाही, टेक्नोमध्ये बसत नाही, ज्याचा बेस जमैकाच्या डब संगीतासारखा जड आणि ताल मोडलेला, ते सगळं दुकानात ‘लेफ्टफिल्ड’ लिहिलेल्या कप्प्यात जाई. १९९२ मध्ये शेफील्डच्या एका लेबलने नाचण्यासाठी नव्हे तर घरी बसून ऐकण्यासाठी म्हणून एक संकलन काढलं, आणि नृत्यसंगीत निवांत ऐकायचीही गोष्ट आहे हे दुकानदारांना पटलं. १९९४च्या ब्रिटिश फौजदारी कायद्याने मोकळ्या मैदानातल्या रात्रीच्या मेळाव्यांवर बंधनं घालताना ‘एकामागून एक पुनरावृत्त होणारे ठोके’ अशी संगीताची व्याख्याच करून टाकली. त्याच वर्षी एका जोडीने निषेध म्हणून असा ट्रॅक रचला की त्यातल्या कुठल्याही दोन आवर्तनांतले ठोके सारखे नव्हते. या कप्प्यातल्या संगीताची ताकद कळायला एवढा एक ट्रॅक पुरे.

हे संगीत विखुरलं कसं, याचं उत्तर वितरणात आहे. छपाई-वितरण करारात वितरक छपाईचे पैसे आधी भरतो, ते विक्रीतून वळते करून घेतो आणि माल स्वतःच्या गोदामात ठेवतो. वितरक बुडाला की लेबलची येणी बुडतात आणि न विकलेल्या प्रतीही अडकतात. १९९१ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये ब्रिटनमधले मोठे स्वतंत्र वितरक बुडाले, आणि त्यांच्याबरोबर अनेक लहान लेबलांचे हिशेबही बुडाले. त्यामुळे आज संच काढताना पहिला प्रश्न येतो तो मूळ टेप कुणाच्या घरात आहे, हा.

दुसरा प्रश्न लांबीचा. खरा वाद याच्यावर आहे आणि त्याची गंभीर चर्चा फार कमी होते.

बारा इंची तबकडीवरचा ट्रॅक सात-आठ मिनिटांचा असतो. मिनिटाला १२५ ठोके धरले तर चार ठोक्यांचा एक बार १.९२ सेकंदांचा होतो. सुरुवातीचे ३२ बार नुसता ताल, शेवटचे ३२ बार पुन्हा नुसता ताल. म्हणजे दोन्हीकडे एकेक मिनिट. हे डीजेला एक तबकडी दुसरीत मिसळता यावी म्हणून ठेवलेलं असतं. मध्ये एक ब्रेक येतो, ताल गळून पडतो आणि परत येतो. ८० मिनिटांच्या सीडीवर असे पूर्ण दहा ट्रॅक मावतात. प्रत्येक चार मिनिटांवर आणला तर वीस मावतात. नव्वदच्या दशकातल्या बहुतेक संग्रहांना दुसरा पर्याय सोपा वाटला. सुरुवात कापा, शेवट कापा, ब्रेक अर्धा करा. असं केल्यावर धून तेवढी उरते. पण या प्रकारात धून बहुधा चार स्वरांची असते. एक आवाज सहा मिनिटांत हळूहळू उघडत जाणं, फिल्टर सरकत जाणं, हीच तर रचना. तीच कापली जाते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटांत बसवलेला ख्याल बडोद्याने ऐकलेला आहे. बडोदा दरबारच्या आग्रा घराण्याच्या गायकाच्या त्या तबकड्या अमोल आहेत, पण मैफलीतला विस्तार त्यात नाही हे इथे कुणीही सांगेल. तिथे नाइलाज होता. सीडीच्या काळात तसा नाइलाज नव्हता.

तिसरी वाट म्हणजे सलग मिसळलेला संग्रह. ऐकायला तो सुरेख लागतो, पण जतन म्हणून कुचकामी. प्रत्येक जोडावर एकाचं शेवटचं आणि दुसऱ्याचं पहिलं मिनिट एकमेकांत अडकतं, ते पुढे कधीच सुटं करता येत नाही. शिवाय लय जुळवायला टर्नटेबलचा वेग बदलावा लागतो. क्लबमधल्या प्रचलित टर्नटेबलवर तो आठ टक्के वर-खाली होतो, आणि सहा टक्के वाढवला की षड्ज कोमल रिषभावर जातो. मूळ पट्टी गेली ती गेलीच.

पूर्ण लांबी तबकडीवर घ्यायची तर गणित असं पडतं. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगावर बारा इंची बाजूला दणदणीत बेससकट नऊ ते बारा मिनिटं बसतात. ३३वर १५ ते १८ मिनिटांपर्यंत आवाज भरदार राहतो. २२ मिनिटांच्या पुढे गेलं की पातळी उतरवावीच लागते, कारण बेस मोठा तेवढी खाच रुंद झुलते आणि शेजारच्या खाचेपासून अंतर जास्त ठेवावं लागतं. ३३वर बाजूला दोन ट्रॅक धरले तर तीन तबकड्यांच्या सहा बाजूंवर बारा पूर्ण ट्रॅक येतात. तीन तबकड्यांच्या संचात बारा ट्रॅक बरेचदा दिसतात ते यामुळेच. क्रम लावताना आणखी एक पथ्य: ३३वर बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २० सेंटिमीटर. म्हणून झांजेसारखे तीव्र आवाज असलेला ट्रॅक आत टाकला की तो चरचरतो. शांत ट्रॅक आत घ्यावा. कालक्रमाचा हट्ट धरून हे मोडणारे संच निघाले आहेत, आणि ते वाजवताना त्रास होतो.

टेपची अवस्था हा स्वतंत्र विषय आहे. यातले बरेच ट्रॅक थेट डॅटवर डावी-उजवी अशा दोनच वाहिन्यांत उतरवले गेले. वेगवेगळी वाद्यं सुटी असलेली टेपच नाही, त्यामुळे नव्याने मिक्स करायचा प्रश्नच येत नाही. डॅटची टेप चार मिलिमीटरच्याही आत, त्यावर तिरक्या रेषांत आकडे. त्रुटी थोडी असेल तर यंत्र भरून काढतं, जास्त झाली की आवाज क्षणभर गायब होतो किंवा टक्क वाजतो. रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राचं हेड किंचित तिरकं असेल तर ती टेप दुसऱ्या यंत्रावर नीट वाचता येत नाही, आणि ही यंत्रं आता बनत नाहीत. लेबलकडे मिळते ती प्रत अनेकदा तबकडीची खाच कापण्यासाठी तयार केलेली असते: खालचा बेस मध्यभागी आणलेला, वरचे स्वर दाबलेले. तीच डिजिटल प्रतीसाठी वापरली तर संगीत उगाच मंद लागतं. टेपच नसेल तेव्हा चांगल्या तबकडीवरून उतरवून घेणं हाच मार्ग. मग तसं वेष्टनावर स्पष्ट छापावं. नुसतं ‘रीमास्टर्ड’ छापून आवाज ताणून मोठा केलेले संग्रह निघतात, त्यांत ढोलाचा पहिला आघात सपाट होतो आणि नाचायचं कारणच जातं.

संग्रहात सर्वांना आठवणारा एखादा ट्रॅक नसतो, तेव्हा बहुधा सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून घेतलेला तुकडा, आडवं आलेलं असतं. १९९१च्या न्यूयॉर्कमधल्या निकालानंतर परवानगीशिवाय उचललेला तुकडा महागात पडू लागला. पाचशे प्रतींच्या तबकडीकडे तेव्हा कुणी पाहिलं नाही. जगभर विकल्या जाणाऱ्या संचाकडे मात्र पाहतात.

आपल्याकडची दोन उदाहरणं इथे जोडायलाच हवीत. मुंबईत १९८२ मध्ये एका सत्रवादकाने (इतरांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणाऱ्या वादकाने) ३०३ आणि ८०८वर दहा राग बसवले. तेव्हा ती तबकडी फारशी खपली नाही, २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि जगभर ऐकली गेली. बडोद्यापासून शंभरेक किलोमीटरवर, अहमदाबादच्या डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग कंपनीचा सिंथेसायझर बसला होता. तिथल्या १९६९ ते १९७२ च्या टेपा २०२३ मध्ये संग्रहरूपाने आल्या. दोन्ही ठिकाणी संगीत वाचलं ते टेप किंवा तबकडी कुणीतरी फेकली नाही म्हणून.

२०२० च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातला लॅकर (तबकडीची मूळ खाच ज्यावर कापतात ती चकती) बनवणारा कारखाना जळाला आणि जगाला लॅकर पुरवणारा जपानमधला एकच मोठा उत्पादक उरला. त्यानंतर छपाईची प्रतीक्षा वाढली, आणि अशा वेळी लहान लेबलांना तीनऐवजी दोन तबकड्यांवर भागवायचा मोह होऊ शकतो. लांबीचा वाद पुन्हा तिथेच येतो.

असा संच बडोद्यात सभागृहात वाजवायचा असेल तर प्रत्येक बाजूचा वेग तबकडीच्या मधल्या कागदावर पाहून घ्यावा. एकाच संचात ३३ आणि ४५ दोन्ही असतात. सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारे स्पीकर, रंगमंचाच्या दोन टोकांना ठेवू नयेत. गरब्याच्या मैदानावर यंत्रणा लावणाऱ्यांना ठाऊक आहे की तसं केलं की मधल्या पट्ट्यात बेस दुणावतो आणि चार पावलांवर नाहीसा होतो. दोन्ही सब मध्यभागी एकत्र ठेवावेत, आणि ट्रॅक पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत वाजू द्यावा.