मोटारबोटीची मागची बाजू उचलणारी जोडसाधने

लहान वेगवान मोटारबोट पाण्यावरून घसरत धावू लागण्याआधी तिची मागची बाजू खोल बसते. ती उचलून धरण्यासाठी ट्रान्समवर (होडीच्या मागच्या सपाट भिंतीवर) किंवा आउटबोर्ड मोटरीवर (तिथेच बाहेरून टांगलेल्या मोटरीवर) बसवायचे भाग. ट्रिम टॅब, मोटरीचा फिन आणि इंटरसेप्टर हे त्यांतले मुख्य प्रकार.

सावकाश चालणारी होडी पाणी बाजूला सारत तरंगत जाते. वेग वाढला की तिनेच उठवलेली लाट लांबत जाते. ५ मीटर लांबीच्या होडीची लाट ताशी १० किमीच्या आसपास होडीएवढी होते. त्यापुढे मागची बाजू लाटेच्या खळग्यात बसते, नाळ (होडीचे पुढचे टोक) वर जाते आणि चालकाला समोरचे दिसेनासे होते. या अवस्थेला हंप म्हणतात. ती ओलांडली की पाण्याचा दाब तळाला उचलतो आणि होडी पृष्ठभागावर येते, हे प्लेनिंग. मोटर अपुरी, माणसे जास्त आणि टाकी, बॅटरी, मोटर सगळे मागेच असेल, तर थ्रॉटल पूर्ण उघडूनही होडी हंपवरच रखडते. दोन-स्ट्रोक मोटर काढून जड चार-स्ट्रोक बसवल्यावर ही तक्रार हमखास ऐकू येते.

अमेरिकेतील स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटचे डॅनियल सॅवित्स्की यांनी १९६४ मध्ये प्लेनिंग होड्यांचा रोध (पाण्याचा अडथळा) काढण्याची पद्धत मांडली. ती आजही वापरात आहे. नाळ वर ठेवून साधारण ४ अंशांच्या आसपास कलून धावणाऱ्या होडीला रोध कमीत कमी होतो. हंपवर हा कल बराच जास्त असतो, आणि तो उतरवणे हेच या साधनांचे काम.

ट्रिम टॅब म्हणजे ट्रान्समच्या खालच्या कडेला बिजागरीने जोडलेली पोलादी पट्टी. ती खाली झुकली की तिच्यावर आदळणारे पाणी मागची बाजू वर ढकलते. हा जोर होडीच्या गुरुत्वमध्यापासून लांब लागत असल्याने नाळ सहज खाली येते. सॅवित्स्की व ब्राउन यांच्या १९७६ च्या सूत्राने हिशेब केला, तर २३ × ३० सेंमीच्या दोन पट्ट्या १० अंश झुकवल्यावर ताशी सुमारे २२ किमी वेगाला ११५ किलो वजन उचलण्याइतका जोर देतात. त्यासाठी वाढणारा रोध साधारण ९ किलो, म्हणजे सौदा स्वस्तच. पण जोर वेगाच्या वर्गानुसार वाढतो. वेग दुप्पट झाला की तीच पट्टी चौपट उचलते, नाळ पाण्यात खुपसते आणि होडी सरळ चालेनाशी होते. म्हणून हंप ओलांडताच टॅब वर घ्यावे लागतात. गॅस-स्प्रिंगवर चालणारे टॅब हे आपोआप करतात: वेग वाढला की पाण्याचा दाबच त्यांना वर ढकलतो.

फिन सगळ्यांत स्वस्त. मोटरीवर प्रोपेलरच्या वर जी आडवी पट्टी असते तिलाच पंखासारखा हा भाग बोल्टने आवळतात. मोटर योग्य उंचीवर असेल तर प्लेनिंगवर ती पट्टी पाण्याच्या पातळीला येते आणि फिन जवळजवळ मोकळा होतो. मोटर खोल बसवलेली असली तर तोच फिन पूर्ण वेगात पाण्याखाली ओढत राहतो. सुकाणू वळवताना तो मोटरीबरोबर वळतो, शिवाय अनेकदा भोके पाडावी लागतात. वॉरंटीच्या अटी आधी वाचलेल्या बऱ्या.

इंटरसेप्टर ही ट्रान्समवरून सरळ खाली सरकणारी पातळ पट्टी. ती थोडीच बाहेर येते, पण तिच्यापुढे तळाखाली दाब साचतो. अमेरिकी शर्यतपटू डॅन गर्नी यांनी १९७१ च्या सुमारास शर्यतीच्या मोटारींच्या पंखांना लावलेल्या छोट्या कडेमागे हेच तत्त्व आहे.

खरेदीआधी करायच्या गोष्टी मात्र फुकटातल्या आहेत. मोटर पूर्ण आत झुकवून सुरुवात करावी, वजन पुढे सरकवावे आणि प्रोपेलरचा पिच (एका फेऱ्यात तो तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर) तपासावा. पिच जास्त असेल तर मोटर हंपवर फेरेच घेत नाही, आणि तो दोष फिन झाकू शकत नाही. तळाची रचनाच तरंगत चालण्यासाठी असलेल्या जड मासेमारी ट्रॉलरला यांपैकी कशानेही प्लेनिंगवर आणता येत नाही. मागून येणाऱ्या लाटांत टॅब वर घ्यावेत, कारण खाली दाबलेली नाळ लाटेत घुसून होडी आडवी फिरू शकते. रिव्हर्स घेतानाही ते वरच असावेत, नाहीतर पाणी उलट्या बाजूने आदळून बिजागरी वाकते.